पाठमोरा नाकेदार

पाहुणी समोर बसलेली असताना अर्धा चहा टाकून उठून जायचं, ही कोणत्या घरची रीत आहे हे मला झामसिंगला विचारायचं आहे. आमच्या घरची तर नाही. आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय दुसरं काही आणलं नसेल, पण चार माणसांत कसं बसावं हे बरोबर आणलं होतं. झामसिंग माझा धाकटा दीर. साठी झाली, लग्न केलं नाही, तिरोड्याच्या शाळेत पोरांना चित्रं शिकवून रिटायर झाला. माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन, नागपूरहून खास त्याच्यासाठी आलेल्या पोरीला हा माणूस म्हणतो, "तो आमच्या घरचा नव्हता." एवढं बोलून कप खाली ठेवला, तोही बशीत नाही, दिवाणावर, आजच अंथरलेल्या चादरीवर, आणि चपला सरकवून निघून गेला. लोकेंद्र, माझा मुलगा, हातात बापाचा फोटो धरून तसाच बसला. पोरीचा मोबाईल बोलणं टिपून घेत होता, तो माणूस गेल्यावरही टिपतच राहिला. त्यात काय गेलं असेल? माझ्या बांगड्यांचा आवाज गेला असेल, कारण मी चादरीवरचा चहा पुसत होते.

मी त्या पोरीला म्हटलं, "वय झालं बाई त्याचं. काही बी बोलून राहते." ती हसली. शिकलेल्या पोरी हसतात तशी, ओठांनी. रश्मी नाव तिचं. नाकेदाराची सगळी चित्रं गोळा करून तिला पुस्तक काढायचं आहे. म्हणाली, "आजी, माझे वडील बँकेत मॅनेजर होते, पण नाकेदार वाचल्याशिवाय दाढी करायचे नाहीत." असं मला सगळे सांगतात. कोणाचा बाप, कोणाचा मामा. जंगलाच्या नाक्यावर लाकडाच्या गाड्या अडवणारा जो सरकारी माणूस, त्याला आमच्याकडे नाकेदार म्हणतात, आणि माझे मालक, इंदरलाल, खरोखरचे नाकेदार होते. बोदलकशा तलावाच्या पलीकडे जंगलाच्या तोंडाशी त्यांचा नाका होता. आणि झामसिंगचा नाकेदार नागपूरच्या पेपरात रोज सकाळी तीन चौकटींत यायचा. खाकी सदरा, कमरेला शेला, खांद्यावर कुऱ्हाड. सागवान चोरणाऱ्यांना आडवा येई, गरिबाची गाय वाघाच्या तोंडून सोडवी, बोलणं अगदी कमी. आणि पंचवीस वर्षांत त्याचं तोंड कोणी पाहिलं नाही. कधी पाठ, कधी झाडाआडचा खांदा, कधी नुसती सावली. शेवटच्या चौकटीत तो जंगलात निघून जात असे आणि लोक त्या पाठीकडे पाहत राहत. भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्या साली तो बंद झाला. तेरा वर्षं झाली. तरी अजून बसस्टँडवर एखादा म्हातारा पेपर मागतो तेव्हा पेपर म्हणत नाही, "नाकेदार आला का गा?" असंच विचारतो.

मी फक्त दोन बुकं शिकले. वाचायला मला नाकेदारानेच शिकवलं म्हटलं तर खोटं नाही. आधी चित्र पाहायचं, मग चित्रावरून अक्षर ओळखायचं. पण चित्र मला कोणी शिकवायला लागलं नाही. पहिल्या दिवशी झामसिंगने पेपर आणून माझ्यापुढे परातीशेजारी ठेवला, मी कणीक मळत होते, आणि मी एकदा पाहिलं, आणि माझे हात थांबले. मालक अंगणातून ओरडले, "काय वो, मीच हाय ना तो?" मी म्हटलं, "तुमीच नाही तं कोन?" माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लहान खोटं. पण त्यावर मी केवढं घर बांधलं.

बायको नवऱ्याची पाठ ओळखते. तोंडावर माणूस दहा सोंगं आणतो, पाठीवर आणता येत नाही. माझ्या मालकांची पाठ पुढे वाकलेली, मानेशी गोळा झालेली, कोणी मागून हाक मारली की आणखी गोळा होणारी. चित्रातली पाठ सरळ होती. डावा कोपर थोडा बाहेर, वाकडा. आणि ती कुऱ्हाड. पातं खांद्यावर अडकवून दांडा पुढे लोंबता सोडलेला. अशी कुऱ्हाड कोण अडकवतो हे जंगलाकाठच्या लेकराला विचारा. नाकेदार कुऱ्हाड जप्त करतो, खांद्यावर घेऊन फिरत नाही. त्याच्या हातात दंडा असतो. पंचवीस वर्षं हजारो लोकांनी तो नाकेदार वाचला, मास्तरांनी वाचला, वकिलांनी वाचला, खुद्द जंगलच्या साहेबांनी वाचला, आणि एकाच्याही मनात आलं नाही की या सरकारी माणसाच्या खांद्यावर मजुराची कुऱ्हाड काऊन आहे. माणसाला एखादा आवडला म्हणजे तो त्याच्या अंगावरचं काहीच पाहत नाही.

ती पाठ बिसरामची होती. बिसराम गोंड, नाक्यावरचा मजूर. चित्र निघालं त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. उन्हाळा होता, मोहफुलं वेचायचे दिवस, पहाटेच चोरांच्या सागवानाच्या चार गाड्या नाक्यावर आल्या. पुढचं मला मालकांनी सांगितलं ते एक, आणि मी पाहिलं ते दुसरं. मालकांनी सांगितलं की मी गाड्यांना आडवा झालो, मारामारी झाली, चोर पळाले. साहेबांनी शाबासकीचं पत्र दिलं. ते काचेत बसवून अजून भिंतीवर आहे, रश्मीने त्याचाही फोटो घेतला. आणि मी पाहिलं ते असं की त्या दिवशी मालक सूर्य उगवायच्या आधी घरी आले. धोतर काट्यांनी फाटलेलं, हात रिकामे, आणि माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी पाणी दिलं, घेतलं नाही. मग ऊन चढल्यावर बिसराम आला. डावा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला, हाताचा रंग वांग्यासारखा झालेला. अंगणाच्या काठावर उभा राहिला, नेहमी जिथं उभा राहायचा तिथं. उजव्या हातात मालकांचा दंडा. म्हणाला, "नाकेदारीनबाई, साहेबाचा दंडा तिकडंच रायला होता. पाहून ठेवलो." रस्त्यावर, मारामारीत पडला असं नाही म्हणाला, गाड्यांपासून कितीतरी आत जंगलात सापडला असंही नाही म्हणाला. ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. दंड्याला आतल्या गवताची कुसळं लागलेली होती. मी दंडा घेतला. त्याला पाणी दिलं, वरून, ओंजळीत, कारण गोंडाला आमच्या घरी पेला देत नसत. एक हात बांधलेला, ओंजळ कशी होणार? अर्धं पाणी मनगटावरून मातीत गेलं. तो प्यायला तेवढा प्यायला आणि गेला. झामसिंग ओट्यावर कागद-दौत घेऊन बसला होता. वीस वर्षांचा असेल. तो त्या जाणाऱ्या पाठीकडे पाहत होता. मी त्याच्यावर खेकसले, "काय पाहून रायला? शाई सांडली पाय."

हे सगळं मी आज दुपारपासून आठवत नाही. आठवणं वेगळं. हे चाळीस वर्षं माझ्याजवळ असंच आहे, उतरंडीतल्या खालच्या मडक्यासारखं, वरची मडकी काढल्याशिवाय हात पोचत नाही आणि काढायची कोणी? वरची मडकी भरलेली होती. भाजीबाजारात बाया म्हणायच्या, "नाकेदारीनबाईले आधी दे गा." लग्नाच्या पंगतीत मला पुढचा पाट. लोकेंद्रला पोरगी पाहायला गेलो तर पोरीचा बाप उठून उभा राहिला, म्हणाला, "इंदरलालजी, आप तो हमारे घर रोज सुबह आते हो." मालकांनी मान हलवली. तोपर्यंत त्यांना सवय झाली होती. पुढं पुढं तर ते स्वतःच सांगायला लागले. ओट्यावर चार लेकरं जमवून सागवानाच्या गाड्यांची गोष्ट, दर वर्षी एक गाडी जास्त. मी आत वरण फोडणीला घालत असायची. फोडणीचा आवाज मोठा करता येतो, जिरं जास्त टाकलं की. मी जिरं जास्त टाकायची. शेवटी शेवटी त्यांना खरंच वाटत होतं की ते गाड्यांपुढे उभे राहिले होते. खोटं बोलणाऱ्यावर रागावता येतं, पण ज्याला खरंच वाटतं त्याच्यावर कसं रागवावं? आठ वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा तिरडीवर कोणीतरी पेपरातलं जुनं कात्रण आणून त्यांच्या छातीवर ठेवलं. बाया आणखी रडल्या. झामसिंगने ते हळूच उचललं, घडी केली, खिशात टाकलं. मला वाटलं, भावाची आठवण म्हणून. चाळीस वर्षं एका घरात राहूनही माणूस माणसाला किती आपल्या सोयीनं वाचतो.

बिसरामचा हात धड जुळला नाही. कोपर वाकडाच राहिला. फांदी अंगावर पडली, असं नाक्याच्या कागदावर मालकांनी लिहिलं. तेंदूपत्त्याच्या दिवसांत दोन्ही हात चालावे लागतात, एका हातानं पुडके बांधता येत नाहीत. तरी तो यायचा. सणावाराला मी पायलीभर तांदूळ द्यायची, आणि देताना चार शेजारणी पाहतील अशा बेतानं द्यायची. आणि खरी गंमत ही की त्याला नाकेदार फार आवडायचा. वाचता येत नव्हतं, झामसिंगकडून वाचून घ्यायचा. अंगणाच्या काठावर उकिडवा बसून विचारायचा, "मंग गा मास्तर, सोडवलं का त्यानं त्या बाईले?" झामसिंग म्हणायचा, "उद्याच्या पेपरात." तो म्हणायचा, "उद्यापर्यंत तं ते मरून जाईल ना बापा. आजच सोडवून दे." आणि हसायचा. एकदा चित्राकडे बोट करून मला म्हणाला, "आमच्या साहेबाची का पाठ काढली मास्तरानं. असा मानूस पायजे, बाई." मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, थट्टा करतो का म्हणून. थट्टा नव्हती. आपली पाठ कोणाला दिसते? जन्मभर जी पाठीशी असते ती एकच गोष्ट माणसाला दिसत नाही. स्वतःला पाहत बसला होता तो, आणि म्हणत होता साहेब मोठा. झामसिंगची मान खाली गेली ती वर आली नाही. त्या दिवसापासून मी नाकेदार पाहताना आधी बांगड्या मागे सारायची. का ते माहीत नाही. काहीतरी धुवायचं असल्यासारखं.

पण त्याची बायको, वच्छला. ती एकदाच आली माझ्या घरी. बिसराम तापाने पडला होता, त्याचा पायलीभर तांदूळ न्यायला ती आली. काळी, उंच, दंडावर गोंदण. मी तांदूळ मोजून सुपात घेत होते, आणि खाली, वाळवणाखाली अंथरलेला पेपर होता. तिनं पाहिलं. चित्रात नाकेदार नाल्यात उतरत होता, पाठमोरा. ती वाकली. बोट लावलं. कोपरावर. वाकड्या कोपरावरच लावलं. आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन बायका, दोघींना एका पाठीचं ठाऊक, एकीची ती होती आणि दुसरीची नव्हती. तिच्या नजरेत भांडण नव्हतं. भांडण असतं तर मी सोडलं नसतं, भांडणात मला कोणी हरवलेलं नाही. ती नुसती विचारत होती, तुले माहीत हाय ना? मग म्हणाली, "बाई, हा कागद नेऊ का?" मी म्हटलं, "नोको. चुलीले लागते." चूल! घरात तेव्हा पेपरांची चळत छतापर्यंत होती. तिनं तांदूळ ओच्यात बांधला, गेली. बिसराम पुढं काही वर्षांनी गेला. मी गेले नाही. मी विचारलंसुद्धा नाही कधी गेला ते.

आणि आता पुतळा. लोकेंद्र आणि त्याच्या चौक समितीच्या डोक्यात आलं की नाकेदार म्हणजे आपल्या तिरोड्याची शान, बाहेरून वीज कारखान्यात आलेल्या माणसांनाही समजलं पाहिजे. चौकात नाकेदाराचा पुतळा बसवायचा, खाली पाटी, कै. इंदरलाल. सव्वीस जानेवारीला पडदा काढायचा. मूर्तिवाल्याला तोंड पाहिजे म्हणून फोटो. सकाळी तोच फोटो लोकेंद्र रश्मीला दाखवत होता, "हे आमचे बाबूजी. ओरिजिनल नाकेदार." ती झामसिंगकडे वळली आणि तिनं विचारलं, "काका, मग पंचवीस वर्षं तोंड का नाही दाखवलंत?" आणि मग तो अर्धा चहा.

लोकेंद्र दुपारभर घरात येरझाऱ्या घालतो आहे. "माय, काकाले समजव. छापून आलं तं मी तोंड कुठं दाखवू?" मी म्हटलं, "तुले तोंड हाय, तेवढं बस हाय." त्याला समजलं नाही. समजू नये म्हणूनच बोलले. पाटी बसली तर बसली, दगडाचं काय, पाऊस पडला की शेवाळ येतं. पण रोज बाजारात जाताना त्या चौकातून जावं लागेल. मालकांचं तोंड, बिसरामची पाठ. मी पुढून जाईन तेव्हा नवरा, आणि मागून येईन तेव्हा... आणि वच्छला जिवंत आहे. नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटापाशी सुनेजवळ राहते, असं मागे कोणीतरी सांगितलं होतं. मंगळवारच्या बाजाराला येतच असेल. ती चौकात थांबेल. आधी मागून पाहील, बायको आधी पाठच पाहते. मग वळून पुढं येईल.

दिवेलागणीला झामसिंग आला. पायांना तलावाचा चिखल. म्हणजे बोदलकशाला जाऊन बसला होता, त्या नाक्याच्या बाजूला. मी ओट्यावरच होते.

"जेवाचं हाय का?"

"भूक नाही, भौजी."

"भूक नाही तं नोको खाऊ. चादर धुवून टाकली मी. डाग नाही गेला."

तो खाली पायरीवर बसला. मास्तर होता, पण माझ्यापुढे कधी खुर्चीवर बसला नाही.

"त्या पोरीले काऊन सांगतलं?" मी विचारलं.

"तिनं विचारलं."

"पंचवीस वर्सं लोकं विचारून रायले होते. पोत्यानं पत्र येत होते."

"पुतऱ्याले तोंड लागते, भौजी." तो पायाचा चिखल काडीनं काढत होता. "कागदावर पाठ चालली. चौकात पाठमोरा मानूस कसा उभा कराचा? लोकं पुढून येतीन ना. म्हनून बोललो. नाही तं बोललो नसतो, मरेपर्यंत."

"तुले येते का काढता? त्याचं तोंड?"

कारखान्याच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लागले. आत लोकेंद्र टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होता, मला कळत होतं.

"दर साली एकदा काढून पाहतो," तो म्हणाला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बिसराम गेला त्या दिवशी. अगदी तसंच्या तसं येते. मंग फाडतो."

"काऊन फाडतो?"

"दादा होता तंवर दादासाठी."

"दादाले जाऊन आठ सालं झाले."

त्याची मान खाली. तीच मान, अंगणात बिसरामसमोर खाली गेली होती ती. आणि मला एकदम दिसलं, एवढी वर्षं ज्याला मी आणि सगळा मुलूख झामसिंगची कला म्हणत आलो, ते काय होतं. मला राग आला. कोणाचा आला ते कळायच्या आत तोंडातून शब्द निघायला लागले होते, आणि मी ते अडवले नाहीत. आत टीव्ही बंद झाला.

"झामसिंग, वर पाय. लोकं म्हनतात, तोंड नाही दाखवलं हे तुयं मोठेपन होतं. ते मोठेपन नव्हतं, भेव होता. तुया दादाले नाही भेला तू, त्याच्यात का होतं भ्याचं? तू मले भेला. या घरातलं ताट बंद होईल म्हनून भेला. मले तुया भेव दिसत होता अन मी तो राहू देला, कारन त्या भेवावर मले पंगतीत पुढचा पाट भेटत होता. लोकेंद्रले मी पाहून घेतो, पुतरा बसन तं बिसरामच्या तोंडाचा बसन, नाही तं बसन नाही. सकारच्या पयल्या गाडीनं आपन दोघं नागझिऱ्याले जाऊन रायलो. वच्छलाच्या आंगनात खाली बसून तू तोंड काढशील, ती नाही म्हनेल तं फिरून काढशील, अन ती हाकलेल तं मार खाशील, मी बी खाईन. एका मानसाची पाठ इकून तू नाव कमावलं अन मी इज्जत कमावली. चोर त्या गाड्यावरचे नव्हते, झामसिंग. चोर आपन दोघं."